रंगाचा दुसरा हात

२१ मे १८५३ रोजी हैदराबादच्या निजामानं ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. मूळ दुखणं पगाराचं होतं. ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज निजामाच्या नावानं उभी होती, हुकूम इंग्रज अंमलदारांचा चालत होता आणि खर्चाची थकबाकी वर्षानुवर्षं वाढत होती. हा खर्च यापुढे वऱ्हाडच्या महसुलातून भागवायचा, असं तहात ठरलं. तेव्हापासून पुसद, उमरखेड, महागाव, फुलसावंगी या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीचा शेतसारा घोडेस्वारांच्या खोगिरांवर, बंदुकांवर आणि शिपायांच्या पागोट्यांवर खर्च होऊ लागला. दक्षिणेला पैनगंगा, तिच्यापलीकडे निजामाची हद्द. एका बाजूचा शेतकरी सारा भरत होता आणि त्या पैशावर पोसलेली फौज दोन्ही बाजूंना फिरत होती.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड कायमचं भाडेपट्ट्यानं घेतलं. पुढच्याच वर्षी कंटिंजंटचं वेगळं अस्तित्व संपलं आणि तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळल्या. त्यांतल्या एका पलटणीला ‘९६वी बेरार इन्फन्ट्री’ हे नाव मिळालं. १९२२ मध्ये ती १९व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचं नाव कुमाऊँ झालं. आजही ‘२ कुमाऊँ’ या पलटणीच्या नावापुढे कंसात ‘बेरार’ लिहितात. कंटिंजंटच्या घोडदळातून ‘डेक्कन हॉर्स’ ही रेजिमेंट घडली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईत हाय वूडजवळ तिचे स्वार भाले घेऊन जर्मनांवर चालून गेले, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तरला त्याच रेजिमेंटचे रणगाडे पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांना भिडले.

म्हणून फुलसावंगीसारख्या गावात, महागावच्या बाजारात किंवा यवतमाळच्या भंगाराच्या दुकानात जुना लष्करी टोप हाती लागला, तर तो या मातीला परका म्हणता येणार नाही. अडचण बहुतेक वेळा त्याच्या रंगाची असते. टोप हिरव्यागार ऑइल पेंटमध्ये चकचकीत असतो, नाहीतर कोणीतरी त्याला चंदेरी करून टाकलेलं असतं. काठावरच्या एखाद्या टवक्यातून खालचा मळकट खाकी रंग डोकावतो. संग्राहकाचे हात तिथेच शिवशिवतात. वरचा थर खरवडून काढावा का? मूळ रंग जुळवून पुन्हा मारावा का? की आहे तसाच ठेवावा?

या प्रश्नाला सरधोपट उत्तर नाही, तरी त्याचा क्रम निश्चित आहे. वरचा रंग कोणी, केव्हा आणि कशासाठी मारला हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये. जुन्या वस्तूवरचा प्रत्येक थर हा तिच्या आयुष्याचा एक काळ असतो. त्यांतला कोणता काळ जपायचा आणि कोणता पुसायचा, हे ठरवण्याचा अधिकार संग्राहकाला पैसे मोजल्यामुळे मिळतो खरा. पण एकदा पुसलेला थर कोणत्याही पैशानं परत येत नाही.

मराठी मुलखाला डोक्यावरचं लोखंड नवं नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी मंदिलाखाली टोप आणि अंगरख्याखाली चिलखत घातल्याचं बखरी सांगतात. दख्खनी टोपाची घडण ठरलेली होती: पोलादी वाटी, मानेवर उतरणारी कड्यांची झालर, नाकासमोर सरकणारी पट्टी आणि वर तुरा खोवायला नळी. अशा टोपांवर सोन्याचं कोफ्तगरी काम होई. ते झिजलं की पुन्हा करून घेत. कडी तुटली की लोहार नवी कडी जोडून देई. पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या या वस्तूंना ‘मूळ स्थिती’ अशी एकच तारीख नसायची.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानं लंडनच्या सॉदबीज या लिलावगृहातून मिळवलेली नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार या बाबतीत फार बोलकी आहे. तिच्यासाठी ४७ लाख रुपयांच्या घरात किंमत मोजावी लागली. तिचं पातं युरोपीय घडणीचं आहे, आपल्याकडे अशा तलवारीला फिरंग म्हणत. मूठ मात्र इथल्या धाटणीची, मुल्हेरी. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्यानं रघूजींचं नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आहे. युरोपातल्या कारागिराच्या दृष्टीनं पाहिलं, तर मूठ आणि सोन्याची अक्षरं ही दोन्ही नंतरची भर. कोणी पातं ‘मूळ रूपात’ आणण्याच्या हौसेनं ती अक्षरं घासून टाकली असती, तर मागे उरलं असतं एक चांगलं विलायती पातं आणि वऱ्हाड-नागपूरचा इतिहास त्यातून निघून गेला असता. नंतरची भर हीच इथे वस्तूची ओळख आहे.

याच्या उलट दिशेचा रिवाजही आपल्या घरांत आहे. खंडेनवमीला शस्त्रं बाहेर निघतात, राखेनं, चिंचेनं किंवा लिंबानं घासली जातात, त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची फुलं वाहिली जातात. वापरातल्या हत्याराला हे घासणं मानवतं. शे-दोनशे वर्षांच्या वस्तूवर मात्र दर आश्विनात थोडं थोडं काम झिजतं. अनेक घराण्यांतल्या तलवारींवरची अक्षरं आज बोटाला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत, त्याचं कारण हेच. पूजा सोडावी असं कोणी म्हणणार नाही. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसून, कुंकू वस्तूला न लावता तिच्यापुढच्या पानावर वाहिलं, तर रिवाजही राहतो आणि अक्षरंही राहतात.

विसाव्या शतकातला पोलादी टोप हा वेगळ्या जातीचा. तो कारखान्यात ठोकला गेला, लाखांनी वाटला गेला आणि पहिल्या दिवसापासून त्याचा रंग हा त्याच्या कामाचा भाग होता. १९१५ मध्ये फ्रेंचांनी एड्रियन टोप आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉन लिओपोल्ड ब्रॉडी यांनी लंडनमध्ये पसरट, काठाच्या टोपाचं पेटंट घेतलं. वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या कपच्यांपासून डोकं आणि खांदे वाचवणं हा त्याचा हेतू. लवकरच त्यासाठी हॅडफील्डचं मँगनीज पोलाद वापरात आलं. हे पोलाद चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे खिशातला साधा लोहचुंबकसुद्धा संग्राहकाला पहिली माहिती देतो.

सुरुवातीचे टोप गुळगुळीत रंगाचे होते आणि उन्हात चमकत. चमक दिसली की शत्रूचा नेम साधतो. म्हणून खाकी रंगात वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळून पृष्ठभाग खरखरीत करण्यात आला. म्हणजे टोपाची पहिली ‘पुनर्रंगणी’ सैन्यानंच केली आणि ती माणसं वाचवण्यासाठी केली. जर्मनांनी ७ जुलै १९१८ च्या हुकुमानं आपल्या टोपांवर पिवळट, हिरवे आणि तपकिरी तुकडे पाडून मधे बोटभर काळ्या रेघा ओढायला सांगितल्या. कारखान्यातून निघालेला करडा जर्मन टोप आणि त्यावर शिपायानं खंदकात बसून मारलेले हे रंग, यांत जास्त मोलाचं काय, हा प्रश्न कोणत्याही जाणकाराला विचारला तर उत्तर एकच येतं: शिपायानं मारलेला थर.

पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई बहुतांशी पागोट्यावरच लढला. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या कूटला शरण जावं लागलेल्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. उपासमारीत घोड्यांचं मांस खाऊन दिवस काढलेल्या त्या माणसांच्या डोक्यांवर कापडच होतं. दुसऱ्या महायुद्धात मात्र पसरट पोलादी टोप, ज्याला मार्क-२ म्हणतात, हा हिंदी फौजेच्या वेशाचा भाग झाला. युद्धाच्या गरजेपोटी जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात चिलखती पोलादाचा पत्रा निघू लागला आणि हिंदुस्थानातही टोप तयार होऊ लागले.

मराठा पलटणी १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत लढल्या, नंतर उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात होत्या आणि पुढे इटलीत गेल्या. वाळवंटात टोपांवर वाळूचा पिवळट रंग चढला. इटलीच्या हिरव्या टेकड्यांत तोच रंग लांबून उठून दिसणार, म्हणून त्यावर पुन्हा हिरवा-तपकिरी हात फिरला, वर जाळी आली, जाळीत गोणपाटाच्या चिंध्या खोवल्या गेल्या. अशा टोपावर तीन थर सापडले तर ते तिन्ही अस्सल असतात. तळाचा कारखान्याचा, मधला आफ्रिकेचा आणि वरचा इटलीचा. १० जुलै १९४४ रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे सोबती पडले. त्यांनी एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली, ठाणं जिंकलं आणि तिथेच त्यांना गोळी लागली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये इटलीतल्या माँतोने या गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. त्या मोहिमेतला टोप कोणाला मिळाला आणि त्यानं वरचे दोन थर काढून टोप ‘कारखान्यातल्यासारखा’ केला, तर त्यानं नेमका केरेन ते इटली हा प्रवास खरवडून टाकलेला असेल.

मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला चौथ्या मराठा पलटणीनं जपान्यांना अनेक दिवस रोखून धरलं. त्या भागातल्या मातीतून आजही युद्धातलं लोखंड निघतं. मातीतून निघालेल्या टोपाचा रंग बहुधा गेलेला असतो, पत्रा गंजून जाळीदार झालेला असतो. त्यावर नवा खाकी रंग मारणं म्हणजे सापडलेला पुरावा झाकणं. गंज थांबवावा, इतकंच.

सैन्यातून बाहेर पडलेल्या टोपांचं दुसरं आयुष्य सुरू होतं आणि खरा गुंता तिथून वाढतो.

अमेरिकेनं पहिल्या महायुद्धात ब्रॉडीच्या घाटाचेच सुमारे २७ लाख टोप बनवले. १९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध थांबलं आणि घरी जाण्याची वाट पाहणाऱ्या शिपायांनी आपापल्या टोपांवर डिव्हिजनची चिन्हं, लढायांची नावं, रंगीत नक्षी रंगवली. लढाईत ती कधीच वापरली गेली नव्हती. तरी आज त्या टोपांना मान आहे तो त्या हौशी रंगकामामुळेच, कारण सुटकेच्या आनंदात बसलेल्या माणसांचा तो स्वतःचा हात आहे.

दुसरीकडे, १९४५ नंतर नॉर्वेनं आपल्या भूमीवर मागे राहिलेले जर्मन टोप पुन्हा रंगवून स्वतःच्या सेवेत घेतले. त्या रंगाखाली कित्येकदा जुने जर्मन बिल्ले सापडतात. १९३५ पासून लावलेले तिरंगी बिल्ले १९४० मध्ये आणि गरुडाचे बिल्ले १९४३ मध्ये काढून टाकण्याचे हुकूम निघाले होते, त्यामुळे ज्या टोपावर ते टिकले त्याची किंमत चढते. साहजिकच युरोपातले संग्राहक नॉर्वेचा थर कापसाच्या बोळ्यानं महिनोन्‌महिने उतरवत बसतात. बिल्ला निघाला तर जर्मन टोप मिळतो, पण आक्रमकाचंच लोखंड वापरून नव्यानं उभ्या राहिलेल्या देशाची खूण जाते. बाजार पहिल्याला जास्त पैसे देतो. इतिहास दुसऱ्यालाही तितकंच महत्त्व देतो.

आपल्याकडे तोच पसरट टोप स्वातंत्र्यानंतरही टिकला. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांतल्या छायाचित्रांत भारतीय जवानांच्या डोक्यावर तो दिसतो. म्हणजे १९४३ मध्ये बनलेला टोप १९६५ मध्ये वेगळ्या हिरव्या रंगात सीमेवर असू शकतो. इंग्रजी सैन्याचा ‘मूळ’ खाकी बाहेर काढण्यासाठी तो हिरवा काढून टाकणारा माणूस भारतीय सैन्याचा थर पुसत असतो. भारतीय संग्राहकानं तरी या बाबतीत दोनदा विचार करायला हवा.

सैन्यानंतरचे धनी अनेक. नाटक-सिनेमांना कपडे पुरवणारे ड्रेसवाले, शाळांची स्नेहसंमेलनं, मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार. ड्रेसवाल्याकडच्या टोपाला दर सिनेमागणिक नवा रंग लागतो. आज जर्मन, उद्या जपानी. आणि सगळ्यांत शेवटी विक्रेता, जो गिऱ्हाइकाला आवडावा म्हणून रातोरात रंग मारतो आणि कधी खोटं चिन्हही चिकटवतो. ब्रिटनमध्ये कमी दर्जाच्या पोलादाच्या टोपांना काठाशी लहान छिद्रं पाडत. ते टोप लढाईसाठी नसून हवाई हल्ल्यांत काम करणाऱ्या नागरी स्वयंसेवकांसाठी होते. ती छिद्रं लांबीनं बुजवून वर खाकी रंग मारला, की नागरी टोप लष्करी म्हणून विकता येतो. हा थर फसवणुकीचा आहे आणि तो काढायला हरकत नसावी.

थोडक्यात, वरचा रंग तीन प्रकारांतला असतो. सैन्यानं किंवा शिपायानं मारलेला, तो राखायचा. दुसऱ्या आयुष्यातला, म्हणजे नागरी दलाचा, नाटकाचा, घरचा. तो नोंदवायचा आणि शक्यतो राखायचा. विकणाऱ्यानं मारलेला; तो काढता येतो, पण खाली काही शिल्लक असल्याची खात्री पटल्यावरच.

ही खात्री कशी करायची, याचंही तंत्र आहे. टोपाचं अस्तर अलगद काढता येत असेल तर त्याखाली पाहावं, तिथे ब्रशही पोचलेला नसतो आणि ऊनही. हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्यांमागे, रिव्हेटच्या डोक्याभोवती, काठाच्या घडीत जुने थर टिकतात. काठाच्या खालच्या अंगाला कारखान्याचा शिक्का आणि साल असू शकतं. टवका उडालेल्या जागी भिंगातून पाहिलं की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर एकाखाली एक दिसतात. मग आतल्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी, बोटाच्या नखाएवढी खिडकी उघडून पाहावी. कापसाच्या बोळ्यावर सौम्य द्रावक घ्यावा, क्षणभर टेकवावा, पुसावा, थांबावा. कारखान्यातला भट्टीत भाजलेला रंग बहुधा तग धरतो, वरचा हातानं मारलेला ऑइल पेंट आधी मऊ होतो. दोन्ही एकदम विरघळायला लागले, तर तिथेच काम सोडावं.

पेंट रिमूव्हर, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, वाळूचा फवारा यांना या कामात जागा नाही. ते सगळे थर सारख्याच वेगानं नेतात आणि मँगनीज पोलादावरची कारखान्याची खरखर त्यांच्याबरोबर जाते. जुन्या रंगांत शिसं असतं, ते घासताना धुळीवाटे फुप्फुसात जातं. घरात लहान मुलं असतील तर हे काम घरात करूच नये.

विदर्भाच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. यवतमाळच्या बाजूला मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि जुलैत हवा ओली होते. उन्हाळ्यात टोपातलं कातड्याचं अस्तर आक्रसतं, तडकतं. पावसाळ्यात त्याच तड्यांत बुरशी धरते आणि रंगाच्या फटींतून गंज आत शिरतो. गावाकडे लोखंडाला गोडंतेल किंवा खोबरेल लावून ठेवतात. नांगराच्या फाळाला ते चालतं. टोपावर मात्र तेल चिकट होतं, धूळ ओढतं आणि पुढे काळपट राळ होऊन बसतं. मेणाचा अगदी पातळ थर, सुती कापडाची सैल गुंडाळी आणि भिंतीपासून दूर, हवा खेळेल अशी जागा, एवढं पुरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये.

लोखंडाच्या कामात फुलसावंगीच्या हातांचं कसब महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका तरुण वेल्डरनं मारुती ८०० चं इंजिन बसवून स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली आणि त्यातच त्याचा जीव गेला. कपाटं आणि कूलर बनवणाऱ्या दुकानात त्यानं ते यंत्र जोडलं होतं. तशा यंत्राचं मोल त्याच्या प्रत्येक जोडात, हातानं वाकवलेल्या प्रत्येक पट्टीत असतं. उद्या कोणी त्याला घासून पुसून नव्या रंगात उभं करायचं म्हटलं, तर गावच विरोध करील. जुन्या टोपाच्या बाबतीतही हीच संवेदना हवी. ग्राइंडर चालवणारा हात कुशल असला, तरी या एका कामात त्याला थांबायला सांगावं लागतं.

चांगल्या हेतूनं केलेल्या दुरुस्तीनं काय होतं, याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. १९२० मध्ये निजाम सरकारनं लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला त्याच्या सहकाऱ्यासह बोलावलं. त्यांनी सुटणारं प्लास्टर जागेवर बसवलं, ते काम उपयोगाचं ठरलं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा थरही दिला, रंग उजळ दिसावेत आणि टिकावेत म्हणून. काही वर्षांत तो थर पिवळा पडला, धूर आणि धूळ धरून बसला. पुढच्या अनेक दशकांत भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तोच थर इंच इंच उतरवावा लागला. चेक्कोनींच्या काळातली मात्र लाखेचा थर देणं हीच पुढारलेली पद्धत होती. म्हणूनच आजचे जतनतज्ज्ञ असा उपाय निवडतात जो उद्याच्या माणसाला काढून टाकता येईल.

थर काढणं योग्य ठरल्याचं उदाहरणही आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचं कवच चढत गेलं होतं. २०२२ मध्ये मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद ठेवून तज्ज्ञांनी हजार किलोंहून अधिक शेंदूर उतरवला आणि घटस्थापनेला, २६ सप्टेंबरला, भाविकांनी अठरा हातांच्या देवीचं कोरीव रूप पाहिलं. तिथे कवचाच्या भारानं मूर्तीलाच धोका होता, खाली अखंड कोरीव काम होतं आणि काम जाणकारांच्या हातात होतं. फुलसावंगीपासून जवळच माहूरगडावर रेणुकेचा भव्य तांदळा शेंदरातच पुजला जातो. तिथे शेंदूर हेच देवीचं रूप आहे, तिला कोणी उघडी करायला जात नाही. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर आहेत. १९६४ च्या व्हेनिस सनदेतलं अकरावं कलम जवळजवळ हीच कसोटी मांडतं: प्रत्येक काळाच्या भरीचा आदर करावा, खालचा थर उघडायचा तो अपवाद म्हणून, वरचा थर फारसा मोलाचा नसेल, खालचा फार मोलाचा असेल आणि चांगल्या अवस्थेत असेल तरच.

रंग मारावाच लागतो असेही प्रसंग असतात. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये, जे १९९४ मध्ये सुरू झालं, पहिल्या महायुद्धातल्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून १९६५ मध्ये पाडाव झालेल्या पॅटनपर्यंत रणगाडे उघड्यावर उभे आहेत. उन्हापावसात उभ्या लोखंडाला रंग हेच छप्पर. किल्ल्यांवरच्या तोफांचंही तसंच. अलीकडे गडप्रेमी संस्था तोफांना सागवानी तोफगाडे करून देतात, हे काम आदराला पात्र आहे. त्याच उत्साहात तोफेवर काळा ऑइल पेंट थापला की मात्र ओतीव अक्षरं, शिक्के आणि वजनाचे आकडे बुजतात. रंगाआधी तोफेचे फोटो, अक्षरांचे ठसे आणि मापं घेऊन ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाचं काम अडत नाही. टोप घरात, छपराखाली असतो. त्याला हे निमित्त लागू होत नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार १०० वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. १९१६ मध्ये बनलेल्या टोपानं ही मर्यादा २०१६ मध्येच ओलांडली. १९४३ चा टोप अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे, पण आजचा तरुण संग्राहक म्हातारा होण्याआधी तो पलीकडे जाईल. म्हणजे आज हौसेनं काढलेला रंग हा उद्याच्या पुरावशेषातून काढलेला असेल.

मग संग्राहकानं करायचं काय? सर्वांत आधी टोपाचे सगळ्या बाजूंनी, अस्तरासकट आणि अस्तराशिवाय फोटो. मग वजन, शिक्के, चुंबकाची चाचणी, दिसणाऱ्या प्रत्येक थराचा रंग आणि जागा. ज्या घरातून किंवा दुकानातून तो आला तिथल्या माणसांना विचारून लिहून घेतलेली हकिकत, तारखेसह: आजोबा कोणत्या पलटणीत होते, टोप घरी कसा आला, हिरवा रंग कोणी आणि कोणत्या साली मारला. घरातल्या आजीला आठवत असेल की दिवाळीच्या साफसफाईत दाराला आणलेला उरलेला रंग टोपालाही लागला, तर तेही लिहावं. हा कागद टोपाबरोबर राहिला पाहिजे, कारण टोप पुढे कोणाच्या हाती जाईल याचा नेम नाही.

अस्तरावर किंवा पट्ट्यावर शाईनं किंवा ठोकून लिहिलेला शिपाई नंबर सापडला, तर शोधाला खरी दिशा मिळते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे आणि कुमाऊँ रेजिमेंटचं रानीखेतला. दोन्हीकडे रेजिमेंटची संग्रहालयं आहेत. वस्तू आणि घराण्याची माहिती एकत्र घेऊन यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून या केंद्रांशी पत्रव्यवहार सुरू करता येतो. नंबर पेन्शनच्या जुन्या कागदांशी जुळला, की तो टोप कोणा एका माणसाचा होतो, आणि त्यावरचा कोणता थर त्या माणसाच्या नोकरीच्या वर्षांत बसतो हे ठरवता येतं. कापसाचा बोळा हातात घ्यायचा की नाही, ते त्या पत्राचं उत्तर आल्यावर पाहावं.